तारे घराला की गल्लीला? मुक्कामाच्या घरांचे रिव्ह्यू वाचताना आणि लिहिताना

मुंबईत शीव (सायन) स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर माझ्या सासऱ्यांनी घेतलेली दोन खोल्यांची जागा आहे. २०१८ पासून मी आणि सासूबाई ती पाहुण्यांना मुक्कामासाठी देतो. खिडकी उघडली की समोर मध्य रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे धारावीची छपरं.

एकदा एकाच आठवड्यात दोन रिव्ह्यू आले. पहिला पुण्याच्या जोडप्याचा: "घर एकदम स्वच्छ, काकू प्रेमळ, पण एरिया काही बरोबर वाटला नाही." तीन तारे. दुसरा नांदेडच्या कुटुंबाचा. वडिलांना टाटा हॉस्पिटलला दाखवायला आणलं होतं. "स्टेशन जवळ, औषधांचं दुकान रात्रीही उघडं, खालच्या दुकानदारांनी रिक्षा मिळवून दिली." पाच तारे. चादरी त्याच, बाथरूम तेच, गल्लीही तीच.

पुण्याच्या ताईंना मी मेसेज करून विचारलं, काही त्रास झाला का, कुणी काही बोललं का? त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं: "नाही हो, झालं काहीच नाही. फक्त तसं वाटलं."

हे 'तसं वाटणं' घराच्या गुणांतून कापलं जातं, आणि पुढचा माणूस तो कापलेला आकडा पाहून घर नाकारतो. तुम्ही पहिल्यांदा असं घर बुक करणार असाल किंवा स्वतःची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात करणार असाल, तर घर कुठलं आणि गल्ली कुठली हे वेगळं करायला आधी शिका.

पायरी १: मोठ्या आकड्यावर थांबू नका

एअरबीएनबी या मुक्कामाची घरं बुक करायच्या साइटवर पाहुणा घराला एकूण तारे देतो आणि शिवाय सहा गोष्टींना वेगळे तारे देतो: स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, चेक-इन, संवाद, ठिकाण आणि पैशांचा मोबदला. नव्या माणसाला वाटतं की एकूण आकडा म्हणजे या सहांची सरासरी. तसं नाही. एकूण तारे पाहुणा स्वतंत्रपणे देतो. म्हणजे सहापैकी पाच ठिकाणी पाच तारे देऊन, ठिकाणाला तीन देऊन, तो एकूणही तीन देऊ शकतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

तीन तारे तसे मधले, पण इथे ते फार महाग पडतात. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरच्या लाखो घरांचं रेटिंग तपासलं, तेव्हा जवळजवळ ९५ टक्के घरांना साडेचार किंवा पाच तारे होते. जिथे सगळेच वर्गात पहिले, तिथे दशांशाने घर मागे पडतं. होस्टला, म्हणजे घर देणाऱ्याला, 'सुपरहोस्ट' हा बिल्ला मिळायला एकूण सरासरी किमान ४.८ लागते. हिशोब करून पाहा: नऊ पाहुण्यांनी पाच आणि एकाने तीन तारे दिले की सरासरी बरोबर ४.८, अगदी काठावर. अकराव्यालाही 'तसं वाटलं' आणि त्याने तीन दिले, की आकडा ४.६४ च्या खाली.

म्हणून घर निवडताना आधी सहा आकडे उघडा. स्वच्छता, खरेपणा आणि संवाद हे तीन वर आणि फक्त 'ठिकाण' खाली असेल, तर घरात खोट नाही. मग ठिकाणाबद्दल लोक काय म्हणतात ते वाचायला बसा. उलट स्वच्छता आणि खरेपणा खाली असेल, तर वस्ती कितीही नावाजलेली असो, ते घर सोडा.

पायरी २: प्रत्येक वाक्याला विचारा, हे कुणाबद्दल आहे?

या पायरीला वेळ द्या. दहा-बारा रिव्ह्यू घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा: घर, गल्ली, लिहिणारा. प्रत्येक वाक्य एका रकान्यात टाका.

"गीझर चालत नव्हता" हे घर. "स्टेशनहून येताना फूटपाथ नाही, बॅगा उचलून आणाव्या लागतात" हे गल्ली. "क्राउड बरा नाही" हे लिहिणारा. या तिसऱ्या वाक्यातून गल्लीबद्दल तुम्हाला एकही गोष्ट कळत नाही. लिहिणाऱ्याला कोणती माणसं शेजारी नको होती, एवढंच कळतं.

ओळखायची कसोटी सोपी आहे. वाक्यात वेळ, अंतर, आवाज, वास, पाणी, प्रकाश किंवा घडलेली घटना आहे का? असेल तर ती माहिती. "रात्री एकपर्यंत मालगाड्यांचा आवाज येतो, खिडकी बंद केली तर कमी होतो" ही उत्तम माहिती. झोप हलकी असलेला माणूस आमचं घर घेणार नाही, आणि घेऊही नये. "रात्री भीती वाटते" हे अर्धं वाक्य आहे. कशाची? दिवे नव्हते, कुत्री होती, कुणी पाठलाग केला, की फक्त घरं पत्र्याची होती?

काही शब्द आपल्याकडे इतके रुळले आहेत की ते पक्षपाती आहेत हे जाणवतही नाही. 'मिक्स क्राउड', 'लोकल पब्लिक', 'एरिया जरा तसलाच आहे'. यांत कुणाची जात, कुणाचा धर्म, कुणाची गरिबी गुंडाळलेली असते आणि वाचणारा ती बरोबर उलगडतो. स्तुतीतही हेच चालतं. 'डीसेंट लोकॅलिटी', 'चांगल्या लोकांची सोसायटी', 'फॅमिली एरिया' ही वाक्यं वाचताना स्वतःला विचारा, चांगले म्हणजे कोण? पाणी चोवीस तास येतं म्हणून चांगलं म्हटलंय, की शेजारी आपल्यासारखेच आहेत म्हणून?

आवाजाची तक्रार तर हमखास घसरते. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तेव्हा आवाज झाला तर तो जरूर लिहावा. पण एकच माणूस अजानीचा उल्लेख ठळक करतो आणि शेजारच्या हॉलमधल्या लग्नाच्या डीजेबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मी अनेकदा वाचलं आहे. दोन्ही लिहिले तर ती आवाजाची तक्रार. एकच लिहिला तर ते वाक्य तिसऱ्या रकान्यात टाका.

पायरी ३: लिहिणारा कशासाठी आला होता?

'ठिकाण ४.३' हा आकडा अनेक वेगवेगळ्या प्रवासांची भेळ असते. मुंबई पहिल्यांदा पाहायला आलेल्याला गेटवे ऑफ इंडिया हवं. त्याला शीव लांबच वाटणार. टाटा हॉस्पिटलला आलेल्या कुटुंबाला परळ गाठायचं असतं. शीवहून धीम्या गाडीने माटुंगा, दादर आणि तिसरं स्टेशन परळ. लोकमान्य टिळक टर्मिनसहून पहाटेची गाडी पकडणाऱ्याला आमचं घर म्हणजे सोय. एकाच घराला हे तिघे तीन आकडे देणार आणि तिघेही खरे असणार.

म्हणून आपल्यासारख्या कामासाठी आलेला माणूस शोधा. बुकिंग डॉट कॉमवर कुटुंब, जोडपं, एकटा प्रवासी अशी गाळणी लावून रिव्ह्यू वाचता येतात. एअरबीएनबीवर रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधता येतो. तिथे 'हॉस्पिटल', 'परीक्षा', 'आजी', 'स्टेशन' असं काहीही टाकून पाहा. आपल्यासारख्या माणसाचे तीन रिव्ह्यू बाकीच्या तीसपेक्षा जास्त कामाचे.

पायरी ४: तारीख बघा

वस्ती बदलते, रिव्ह्यू तिथेच राहतो. शीव स्टेशनजवळचा १९१२ चा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडकामासाठी वाहतुकीला बंद झाला, आणि त्यानंतरच्या आमच्या रिव्ह्यूंत 'टॅक्सी येत नाही', 'फिरून यावं लागतं' हे सुरू झालं. तक्रार शंभर टक्के खरी. पण ती पुलाची होती आणि तेवढ्या काळाची होती. दुसऱ्या बाजूने पाहा: मेट्रो ३ चा बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ते आचार्य अत्रे चौक हा टप्पा १० मे २०२५ ला सुरू झाला आणि धारावीला भुयारी मेट्रोचं स्टेशन आलं. त्याआधीचा 'इथून कुठे जायला काही नाही' असा रिव्ह्यू आज कुणाला उपयोगाचा? सर्वांत नवे रिव्ह्यू वर येतील अशी मांडणी करा आणि वर्षापूर्वीच्या रस्ता-वाहतुकीच्या तक्रारी नकाशावर ताडून घ्या.

पायरी ५: नावावर जाऊ नका, नकाशावर जा

पक्षपात नावापासून सुरू होतो. लोअर परळला जाहिरातीत 'अप्पर वरळी' म्हणतात, वडाळ्याला 'न्यू कफ परेड'. गिरणगावाची ओळख पुसली की भाव चढतो, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या एकाने मला सुचवलं होतं की जाहिरातीत 'माटुंग्याजवळ' असं लिही, धारावीचं नावच काढू नकोस. मी नाही ऐकलं. धारावीच्या कुंभारवाड्यात आजही चाकावर मडकी घडतात आणि भाजतात. सायन-बांद्रा लिंक रोडवर चामड्याच्या बॅगा-पाकिटांची दुकानं ओळीने आहेत. आमचे कितीतरी पाहुणे तिथून पणत्या आणि पाकिटं घेऊन गेले. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

बुकिंग होईपर्यंत साइटवर घराचा नेमका पत्ता बहुधा दिसत नाही, अंदाजे एक वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळाच्या मध्यापासून स्टेशन, दवाखाना आणि बसस्टॉपपर्यंतचं चालत अंतर मोजा. रस्त्याचे फोटो नकाशावर असतील तर दिवसाचे आणि जमल्यास रात्रीचे बघा.

एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना इथे थोडं वेगळं सांगायचं आहे. तुमच्या भीतीला पक्षपात म्हणून कुणी उडवून लावू नये. मीही लावणार नाही. पण भीतीला नेमका प्रश्न बनवा, म्हणजे उत्तर मिळेल. 'एरिया सेफ आहे का?' असं विचारलं तर प्रत्येक होस्ट 'हो' म्हणणार. 'रात्री अकरानंतर स्टेशनपासून घरापर्यंत किती दुकानं उघडी असतात, रस्त्यावर दिवे आहेत का, इमारतीला वॉचमन आहे का?' असं विचारा. आमच्या गल्लीत रात्री बारापर्यंत पानवाला, अंडाभुर्जीवाला आणि औषधांचं दुकान जागं असतं. माझ्या मुलीला क्लासहून येताना हीच गर्दी आधार वाटते. नावाजलेल्या वस्तीतल्या झाडांच्या निर्मनुष्य रस्त्यावर तीच मुलगी पाऊल भराभर उचलते. गर्दी म्हणजे धोका आणि सामसूम म्हणजे सुरक्षितता, हे गणित तपासल्याशिवाय मानू नका.

पायरी ६: आता तुमची लिहायची पाळी

मुक्काम संपल्यावर एअरबीएनबीवर रिव्ह्यू लिहायला १४ दिवस मिळतात. दोघांनी लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचं लिखाण कुणाला दिसत नाही, त्यामुळे होस्ट राग धरेल म्हणून गोड लिहायची गरज नाही. पण निघाल्या निघाल्या टॅक्सीत बसूनही लिहू नका. एक दिवस जाऊ द्या. प्रवासाचा शीण, ट्रॅफिक, उकाडा हे सगळं त्या पहिल्या रागात मिसळलेलं असतं.

एकूण तारे देताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मला आधी सांगितलं होतं का? रूळ समोर आहेत हे जाहिरातीत लिहिलं होतं आणि तरी तुम्ही आलात, तर रुळांसाठी तारे कापणं अन्याय आहे. लिहिलं नव्हतं, तर तो होस्टचा दोष. 'खरेपणा' या रकान्यात कापा आणि कारण लिहा. ठिकाण तुम्हाला गैरसोयीचं पडलं तर 'ठिकाण' रकाना त्यासाठीच आहे. तो आकडा तिथेच राहू द्या, एकूण ताऱ्यांवर सांडू देऊ नका.

लिहिण्याचं उदाहरण देते. "घर छान पण एरिया चांगला नाही, फॅमिलीसाठी नको" याऐवजी असं लिहा: "घर स्वच्छ, पाणी चोवीस तास. स्टेशन सात मिनिटांवर, पण शेवटचा रस्ता अरुंद आहे आणि रिक्षा दारापर्यंत येत नाही, म्हणून चालायला त्रास असलेल्यांनी आधी विचारावं. संध्याकाळी सहा ते नऊ बाजाराची गर्दी असते. आम्हाला शांतता हवी होती, ती इथे मिळाली नाही." यात एकही गोष्ट लपवलेली नाही आणि तक्रार आधीपेक्षा तिखटच आहे. पण वाचणाऱ्या आजोबांना कळेल की आपण जाऊ नये, आणि वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कळेल की आपल्याला चालेल. 'फॅमिलीसाठी नको' लिहिताना एवढं आठवा की त्या गल्लीत शंभर फॅमिली राहतात.

होस्टला खाजगीत सांगण्यासाठी वेगळी जागा असते. नळ गळतो, उशी जुनी झाली अशा गोष्टी तिथे लिहा. आम्ही असे निरोप वाचून दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला आहे.

पायरी ७: तुम्ही नवे होस्ट असाल तर

सोसायटीची परवानगी आणि कागदपत्रं आधी पूर्ण करा, गोव्यात घर असेल तर पर्यटन खात्याकडे नोंदणीही. तो विषय मोठा आहे, इथे नको. इथे जाहिरातीबद्दल.

खिडकीबाहेर काय आहे ते पहिल्या चार ओळींत लिहा आणि खिडकीतून दिसतं त्याचा फोटो टाका. मी सुरुवातीला टाकला नव्हता, भीती वाटायची की बुकिंगच येणार नाही. टाकल्यावर बुकिंग थोडी घटली खरी. पण जे आले ते जाणून आले, आणि 'तसं वाटलं'वाले रिव्ह्यू जवळजवळ थांबले. जाहिरातीत गर्दी, आवाज, जिना, बाजार, सगळं सांगा. जोडीला गल्लीचं देणंही सांगा. पहाटे पाचला मिळणारा चहा आमच्या जाहिरातीत आहे, कारण केमोसाठी लवकर निघणाऱ्यांना तो लागतो.

पक्षपाती रिव्ह्यू आलाच तर त्याला जाहीर उत्तर देता येतं. एअरबीएनबीवर त्यासाठी ३० दिवस असतात. रागात लिहू नका. ते उत्तर त्या पाहुण्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्यासाठी असतं. पुण्याच्या रिव्ह्यूखाली मी एवढंच लिहिलं: "आलात, आनंद झाला. आपल्या मुक्कामात काही अडचण आली नाही हे आपण कळवलंत, त्याबद्दल आभार. आमच्या गल्लीत रात्री बारापर्यंत दुकानं उघडी असतात आणि गर्दी असते. शांत वस्ती हवी असणाऱ्यांनी आधी जरूर विचारावं." कुणी जात-धर्माचं नाव घेऊन वस्तीला हिणवलं असेल तर मात्र उत्तराच्या भानगडीत न पडता साइटकडे तक्रार करा, भेदभावाची भाषा नियमांत बसत नाही.

आणि आपलाही रकाना तपासा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एडेलमन, ल्यूका आणि स्विर्स्की यांनी अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ६,४०० होस्टना बुकिंगच्या विनंत्या पाठवल्या. मजकूर सारखा, फक्त नावं वेगळी. कृष्णवर्णीयांची वाटतील अशा नावांना होकार मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी निघाली. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. तो वाचला तेव्हा मला आमची एक गोष्ट आठवली. पहिल्याच वर्षी एका मुस्लिम कुटुंबाची विनंती आली होती. मुलाचं ऑपरेशन होतं. शेजारचे काय म्हणतील या विचारात मी उत्तर द्यायला दोन दिवस लावले, आणि तोवर त्यांनी दुसरीकडे सोय केली. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "लोक आपल्या गल्लीला नावं ठेवतात तेव्हा तुला किती लागतं गं." तेव्हापासून मी विनंती वाचताना आधी तारखा आणि माणसांची संख्या पाहते, त्या जमत असतील तर होकार पाठवते, आणि नाव शेवटी वाचते.

बुकिंगआधी होस्टला पाठवायचा मेसेज

हा जसाच्या तसा वापरा, नको त्या ओळी काढून टाका:

"नमस्कार. आम्ही (इतके) जण (या) कामासाठी येत आहोत. काही गोष्टी विचारायच्या होत्या. स्टेशनपासून घर चालत किती मिनिटं आणि वाटेत चढ, जिना किंवा रेल्वे पूल आहे का? रिक्षा-टॅक्सी दारापर्यंत येते का? जिने किती, लिफ्ट आहे का? रात्री किती वाजेपर्यंत दुकानं उघडी असतात आणि रस्त्यावर दिवे आहेत का? कसला आवाज येतो आणि कोणत्या वेळी? पाणी किती तास येतं? औषधांचं दुकान आणि दवाखाना किती लांब? आमच्या तारखांना जवळपास एखादा सण, मिरवणूक किंवा रस्त्याचं काम आहे का? आणि खिडकीतून दिसतं त्याचा एक फोटो पाठवाल का?"